स्टेजवरच्या प्रकाशात होणाऱ्या त्याच त्या चुका

लाइव्ह संगीताचे फोटो दाखवायला कोणी आलं की मी आधी गायकाचा चेहरा स्क्रीनभर मोठा करतो. बहुतेक वेळा तिथे गालाचा उठाव नसतो, नाकाची कड नसते, कपाळावरचा घाम नसतो. लाल किंवा निळ्या रंगाचा नुसता सपाट थर असतो. त्यावर ठरलेला प्रश्न येतो, ‘कॅमेरा बदलू का?’ नका बदलू. प्रकाश शिकायचा म्हणून मी बरीच वर्षं फिरलो, तळघरातल्या क्लबांपासून मोकळ्या मैदानावरच्या महोत्सवांपर्यंत कॅमेरा घेऊन उभा राहिलो. सगळीकडे तेच दिसलं. नवखे लोक कलाकाराकडे बघतात, त्याच्यावर पडणाऱ्या उजेडाकडे बघत नाहीत.

त्या लाल चेहऱ्याचंच घ्या. सेन्सरच्या पिक्सेलांवर रंगीत फिल्टर असतात. नेहमीच्या बायर मांडणीत निम्मे हिरवे, पाव लाल आणि पाव निळे. स्टेजवर फक्त लाल एलईडी लागले की चित्र घडवायचं जवळजवळ सगळं काम त्या पाव पिक्सेलांवर येऊन पडतं. त्यातून लाल चॅनेल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा हिस्सा, काठोकाठ भरला, ज्याला आम्ही ‘फुटला’ म्हणतो, की तपशील गेला. रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल असली तरी तो परत मिळत नाही. कॅमेऱ्याचा साधा, एकरंगी हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत गडद-उजळ किती ते दाखवणारा आलेख, मात्र सगळं आलबेल असल्याचं दाखवतो, कारण उजळपणाच्या हिशेबात हिरव्याचं वजन सगळ्यात जास्त, लालचं कमी आणि निळ्याचं तर अगदीच थोडं. निळा चॅनेल फुटलेला असतानाही आलेख डावीकडे, म्हणजे अंधाराकडे झुकलेला दिसतो आणि माणूस एक्स्पोजर, म्हणजे आत घेतला जाणारा प्रकाश, आणखी वाढवतो.

माझी सवय सांगतो. तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम कायम चालू. गडद लाल-निळ्या प्रकाशात एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). आणि थांबायचं. थांबणं हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कोणाला नको असतं. बहुतेक कार्यक्रमांत प्रकाश पूर्ण वेळ एकाच रंगाचा राहत नाही. सोलो आला की फॉलो स्पॉट, म्हणजे कलाकारामागे फिरणारा दिवा, येतो, ध्रुवपदाला पुढचे पांढरे दिवे वर चढतात. दोन गाणी नुसती बघितली तर लाइट ऑपरेटरच्या हाताची लय कळते. ‘लाल आला तर कृष्णधवल करून टाकायचं’ हा उपाय मला अनेकांनी मोठ्या खुशीत सांगितला आहे. लाल चॅनेल फुटता फुटता राहिला असेल तर ते चालतंही. पण फुटलेला चेहरा कृष्णधवल केला तरी सपाटच राहतो.

आता दुसरी चूक, जी मी स्वतः केली आहे. कार्यक्रम एका छोट्या सभागृहात होता. एकटी गायिका, साथीला फक्त पियानो. आयोजकांची अट होती की कॅमेऱ्याचा आवाज ऐकू येता कामा नये. मी इलेक्ट्रॉनिक, म्हणजे बिनआवाजाचं शटर लावलं, वेग १/५०० सेकंद ठेवला आणि दोन तास फोटो काढत राहिलो. मागच्या छोट्या पडद्यावर सगळं सुरेख दिसत होतं. रात्री खोलीवर येऊन लॅपटॉपवर पहिली फाइल मोठी केली, तर गायिकेच्या कपाळावरून, मिटलेल्या पापण्यांवरून, थेट हनुवटीपर्यंत आडवे गडद पट्टे. दुसऱ्या फाइलमध्येही पट्टे, पन्नासाव्यातही पट्टे. पहाटेपर्यंत एकेक फाइल तपासत बसलो. पूर्ण कार्यक्रमातून हाती लागल्या चार फ्रेम, त्याही खिडकीतला उजेड शिल्लक असतानाच्या. त्या गायिकेला मी फोटो देण्याचा शब्द दिला होता. तिला फोन करून जे सांगावं लागलं ते आजही विसरलेलो नाही.

झालं काय होतं? एलईडी मंद करताना बहुतेक दिव्यांत तो अतिशय वेगाने चालू-बंद केला जातो. डोळ्याला तो एकसंध उजेड वाटतो. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र सेन्सर एका झटक्यात वाचत नाही, एकेक ओळ वाचत जातं. काही ओळी दिवा चालू असताना वाचल्या जातात, काही बंद असताना. तेच ते पट्टे. २०२३ साली सोनीने जाहीर केलेल्या ए-नाइन थ्री कॅमेऱ्यातल्यासारखा ग्लोबल शटरचा सेन्सर सगळ्या ओळी एकदम टिपतो, त्यामुळे पट्टे येत नाहीत. पण त्यातही फ्रेमागणिक उजेड कमी-जास्त होऊ शकतो. मी आता जमेल तिथे मेकॅनिकल शटरच वापरतो. शांतता हवीच असेल तर वेग १/१०० च्या आसपास खाली आणतो आणि कलाकार स्थिर होण्याची वाट पाहतो. काही दिव्यांची ही चालू-बंद होण्याची वारंवारता वाढवता येते. ऑपरेटरला आधी भेटून नीट विनंती केली तर तो बघतो. आणि काहीही झालं तरी पहिल्या पाच मिनिटांत एक फ्रेम शंभर टक्के मोठी करून चेहऱ्यावरून नजर फिरवल्याशिवाय मी पुढे जात नाही.

‘पण माझ्या कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर आहे,’ असं लोक सांगतात. तो पर्याय साधारणपणे विजेच्या वारंवारतेमुळे होणाऱ्या लुकलुकीसाठी असतो, म्हणजे सेकंदाला १०० किंवा १२० वेळा होणाऱ्या. मंद केलेल्या एलईडीची चालू-बंद त्याहून कितीतरी वेगवान असते, तिथे त्याचा उपयोग नाही. जुन्या ट्यूबलाइट असलेल्या क्लबात मात्र तो खरंच कामाला येतो. प्रवास करणाऱ्यांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यात १/५० किंवा १/१०० हा वेग सुरक्षित, ६० हर्ट्झच्या ठिकाणी १/६० किंवा १/१२५. जपानात तर एकाच देशात दोन्ही आहेत, टोकियोकडे ५० आणि ओसाकाकडे ६०. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दोन शहरांनी जनरेटर वेगवेगळ्या देशांतून आणले, तेव्हापासूनचा हा फरक. दौऱ्यावर असाल तर कालच्या गावातली सेटिंग आज तशीच वापरू नका.

आयएसओ, म्हणजे प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, वाढवायची भीती सोडा. ट्राय-एक्स ही ४०० आयएसओची कृष्णधवल फिल्म खेचून, म्हणजे जास्त वेळ डेव्हलप करून, १६०० वर वापरणाऱ्यांनी मैफलींची अप्रतिम छायाचित्रं काढली आहेत, तुमच्या हातात ६४०० सहज चालणारा सेन्सर आहे. दाणे आलेला फोटो चालतो, हललेला चालत नाही. गायकासाठी १/२५०, ड्रमरसाठी १/५०० हे माझे आकडे.

फ्लॅश नको. ऑपरेटरने तासन्‌तास मांडलेला उजेड तो एका क्षणात पुसतो, वर कलाकाराचे डोळे दिपतात.

लेझरच्या किरणासमोर लेन्स धरू नका, सेन्सर कायमचा जळू शकतो.

स्पीकरसमोर उभं राहणार असाल तर कानात प्लग घालाच. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

मोठ्या कार्यक्रमांत बऱ्याचदा पहिल्या तीन गाण्यांपुरतेच फोटो काढू देतात. अशा वेळी प्रत्येक फ्रेमनंतर मान खाली घालून पडदा बघणारे लोक पाहिले की मला फार वाईट वाटतं. तुमची मान खाली असतानाच गायक डोळे उघडतो.

सगळ्यात घाईचा प्रश्न असतो, ‘सर, सेटिंग सांगा ना.’ सांगून उपयोग होत नाही. गायक दिव्यापासून दुप्पट लांब गेला की त्याच्यावरचा उजेड चौथाई होतो, तो दोन पावलं मागे सरला तरी माझा आकडा चुकतो. त्याऐवजी कार्यक्रमाआधी साउंडचेकला जा. कॅमेरा पिशवीतच ठेवा आणि लाइट ऑपरेटरच्या शेजारी बसायची परवानगी मागा. मला आजवर फार थोड्यांनी नाही म्हटलं आहे, त्यांच्या कामात कोणी रस घेतला की त्यांना आनंद होतो. मी वहीत गाण्यांचा क्रम लिहितो आणि प्रत्येकासमोर दिवा कुठून येणार, कोणत्या रंगाचा, एवढंच टिपतो.

एका क्लबात अशीच ऑपरेटर बाई म्हणाली, ‘चौथ्या गाण्यात ड्रम थांबतील. तेव्हा मी सगळं बंद करून मागचा एकच दिवा ठेवणार आहे.’ तिसरं गाणं संपता संपता मी गर्दीतून डावीकडे सरकलो, मागचा दिवा बासवादकाच्या डोक्याआड येईल असा उभा राहिलो, एक्स्पोजर दोन स्टॉप खाली आणलं. ड्रम थांबले. धुरातून केसांभोवती पांढरी कड उमटली, बासच्या तारा एकेक वेगळ्या दिसल्या. अंधार होईपर्यंत जेमतेम चार सेकंद होते, त्यात मी तीन फ्रेम घेतल्या.