‘डीआर’ आणि ‘सीआर’: या चुका टाळा

गोव्यातल्या फोंड्यात दुकानदारांच्या वह्या लिहिण्यात माझं आयुष्य गेलं, आणि दर मार्चला तीच चूक पुढ्यात येते. बँकेच्या स्टेटमेंटात ‘सीआर’ दिसलं की पोरं आपल्या वहीतही बँकेला क्रेडिट करून मोकळी.

अरे, स्टेटमेंट ही बँकेच्या वहीची नक्कल! तुमचे पैसे ती तुम्हाला देणं लागते, म्हणून तिच्याकडे तुम्ही क्रेडिटर, धनको. आपल्या वहीत तीच बँक आपली ऋणको, म्हणजे डीआर. ‘डेबिट’मध्ये ‘र’ नाही, मग डीआर कुठून आला, असं विचारणारा मला एकच मुलगा भेटला. डीआर हे ‘डेटर’चं, ऋणकोचं लघुरूप. मुळाशी लॅटिन: ‘देबेरे’ म्हणजे देणं असणं, ‘क्रेदेरे’ म्हणजे विश्वास ठेवणं. विश्वासानं उधार देतो तो क्रेडिटर. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञानं १४९४ साली व्हेनिसमध्ये दुहेरी नोंदीची, म्हणजे प्रत्येक व्यवहार एकीकडे डेबिट आणि दुसरीकडे क्रेडिट लिहिण्याची, पद्धत छापली. आमची मंडळी अजून डावं-उजवं करतायत.

एका हार्डवेअरवाल्याचं खातं नवंकोरं, सुरुवातीची बाकी शून्य. वर्षअखेर स्टेटमेंटात ३,४०,००० सीआर, वहीतही ३,४०,००० सीआर. आकडा जुळला म्हणून पोरगा खूश! मालकानं मात्र उधारीची यादी काढून गिऱ्हाइकांना फोन लावले. एक कंत्राटदार चेकबुकाची अर्धुकं, म्हणजे दिलेल्या चेकच्या स्थळप्रती, घेऊन दुकानात आला आणि काउंटरवर आपटून म्हणाला, “बाब, दिलेले पैसे परत मागतां?” भरणा उलटा लिहिल्यामुळे त्याची बाकी फिटायची ती दुप्पट झाली होती. मी रागावलो तर पोरगा म्हणतो, “६,८०,०००चा फरक सस्पेन्सला टाकूया?” सस्पेन्स म्हणजे न जुळणारे आकडे तात्पुरते टाकायचं खातं, आळशाचं कपाट. उलट्या नोंदीचा फरक नेहमी दुप्पट येतो. मी आधी फरकाचा निम्मा करतो आणि तो आकडा शोधतो. इथे निम्मा म्हणजे अख्खं खातंच निघालं. रात्री दहापर्यंत एकेक नोंद फिरवत बसलो.

ओडी, म्हणजे ओव्हरड्राफ्ट खात्याच्या स्टेटमेंटात ‘डीआर’ शिल्लक दिसली तर पेढे वाटू नका, ते कर्ज आहे.

पैसे पाठवताना आणखी एक चूक टाळा: आयएफएससीतलं, म्हणजे बँक शाखेच्या कोडातलं, पाचवं अक्षर शून्य असतं, इंग्रजी ‘ओ’ नव्हे.

आणि आजोबांच्या पेटीत १९५९च्या सुमाराची ‘६००$००’ लिहिलेली पावती सापडली तर डॉलर म्हणून नाचू नका. ते एस्कुदो, पोर्तुगीज काळातलं गोव्याचं चलन; रुपिया हे त्याआधीचं. ६ एस्कुदोंना एक रुपिया, म्हणजे शंभर रुपियांची पावती.