‘असेल’, ‘असावे’ आणि ‘असणार’: ब्रिटनच्या वॉर्डात नव्याने रुजू होणाऱ्या डॉक्टरांसाठी

ब्रिटनमध्ये नोकरीसाठी जाणारे मराठी डॉक्टर इंग्रजीच्या बाबतीत बरेचसे निर्धास्त असतात आणि त्यांचे फारसे चुकते असेही नाही. वैद्यकीय शिक्षण इंग्रजीतून झालेले असते, जनरल मेडिकल कौन्सिलला, म्हणजे तेथील डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेला, लागणारे आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेचे एकूण ७.५ आणि प्रत्येक विभागात किमान ७ गुण, किंवा ओईटी या आरोग्यक्षेत्रासाठीच्या इंग्रजी परीक्षेतील बी श्रेणी, पदरात पडलेली असते आणि प्लॅब या नोंदणीपूर्व वैद्यकीय परीक्षेचे दोन्ही टप्पे पार झालेले असतात. तरीही सुरुवातीच्या महिन्यांत एक गोष्ट बहुतेकांना जड जाते. एखाद्या गोष्टीबद्दल आपली खात्री नाही, हे सांगता येते; पण ती नेमकी किती नाही, हे ऐकणाऱ्याला अचूक उमजेल असे सांगणे साधत नाही. वॉर्डातील निम्मे बोलणे तर याच जातीचे असते: तपासणीचा निकाल कधी येईल, ताप कशाचा असावा, आजोबा शुक्रवारपर्यंत घरी जातील का. उत्तर इंग्लंडमधील एका रुग्णालयात काम करताना नव्याने आलेल्या सहकाऱ्यांना जे तोंडी सांगत आलो आहे, ते येथे जरा सविस्तर मांडतो.

मराठीत भविष्यकाळ अंदाजाचेही काम करतो. ‘रिपोर्ट आला असेल’, ‘मुलगा संध्याकाळी येईल’ या वाक्यांत बोलणाऱ्याने कसलीही हमी दिलेली नसते, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. हेच वाक्य ‘द रिझल्ट विल बी बॅक बाय फोर’ असे इंग्रजीत उतरले की परिचारिका ते चार वाजताचे आश्वासन समजते आणि चार वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन येतो. इंग्रजीतही ‘विल’ अंदाजासाठी येते, नाही असे नाही; दारावरची घंटा वाजली की ‘दॅटल बी द पोस्टमन’ म्हणतात. मात्र तो अंदाज पोस्टमन रोज त्याच वेळी येतो म्हणून केलेला, जवळजवळ पक्का असतो. नेहमीच्या वेळापत्रकाप्रमाणे निकाल चारला यायला हवा, एवढेच म्हणायचे असेल तर ‘शुड बी बॅक बाय फोर’ म्हणावे, आणि तेवढाही भरवसा नसेल तर ‘माइट बी’. ‘शुड’ची आणखी एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. अपेक्षित आणि बहुधा हव्याशा गोष्टीसाठीच ते शोभते. ‘द पेन शुड सेटल इन अ डे ऑर टू’ हे वाक्य रुग्णाला धीर देते. पण जखमेत जंतुसंसर्ग होण्याची भीती सांगताना ‘इट शुड गेट इन्फेक्टेड’ म्हटले, तर तो व्हावा अशी आपली इच्छा असल्यासारखे ऐकू येते.

‘शकतो’ या क्रियापदाचे प्रकरण अधिक गंभीर आहे. ‘ही रक्ताची गाठ असू शकते’ याचे ‘धिस कॅन बी अ क्लॉट’ असे भाषांतर आपल्या तोंडी सहज येते. इंग्रजी माणूस ‘कॅन’ वापरतो तो सर्वसाधारण नियम सांगताना, उदाहरणार्थ ‘स्टेरॉइड्स कॅन रेझ द ब्लड शुगर’. समोरच्या खाटेवरच्या, आज पाय सुजलेल्या माणसाबद्दल बोलताना तो ‘कुड’, ‘माइट’ किंवा ‘मे’ म्हणतो. या तिघांत शक्यतेची उतरंड लावण्याचा नाद व्याकरणाच्या काही पुस्तकांना असतो. रोजच्या बोलण्यात मला तरी ती पाळलेली आढळली नाही, तेव्हा त्यात फार वेळ घालवू नये. वेळ द्यावा तो नकाराला. मराठीत ‘हा कर्करोग नसू शकतो’ आणि ‘हा कर्करोग असू शकत नाही’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे: पहिल्यात आशेला जागा आहे, दुसऱ्यात शंकेलाच जागा नाही. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘इट मे नॉट बी कॅन्सर’ किंवा ‘माइट नॉट’ आणि दुसऱ्यासाठी ‘इट कान्ट बी कॅन्सर’. ‘नसू शकतो’मधला ‘शकतो’ ओढून ‘कॅन’ घेतला आणि त्याला ‘नॉट’ जोडला, की सांगायची होती शक्यता आणि दिला गेला निर्वाळा. नातेवाईक तो निर्वाळा घरी घेऊन जातात आणि आठवड्याने बायॉप्सीचा निकाल येतो, म्हणून ही जोडी इतर सर्व गोष्टींच्या आधी जिभेवर बसवून घ्यावी. बिनचूक बोलता येईना, तर ‘आय डोन्ट थिंक इट्स कॅन्सर, बट वी नीड द बायॉप्सी टु नो’ हा सरळ मार्ग आहे. ‘तसे असेल असे वाटत नाही’ या मराठी रचनेशी तो इतका जुळतो की वेगळा शिकावा लागत नाही.

तर्काने काढलेल्या निष्कर्षासाठी, म्हणजे आपल्या ‘असणार’च्या जागी, ‘मस्ट’ येते: ‘ही मस्ट हॅव मिस्ड हिज इन्सुलिन’. याचा नकार प्रमाण इंग्रजीत ‘कान्ट’ने होतो, ‘ही कान्ट हॅव टेकन इट’. आमच्या भागातील लोक मात्र ‘शी मस्टन्ट बी इन’ असेही बिनदिक्कत म्हणतात आणि त्याचा अर्थ ती घरी नसणार एवढाच असतो. तिला मनाई केलेली नसते. अशी वाक्ये समजून घ्यावीत, आपण मात्र वापरू नयेत.

‘मस्ट’, ‘डेफिनेटली’, ‘आय अॅम शुअर’ यांनी वाक्य बळकट होते, असा एक समज आहे. प्रत्यक्षात उलटेच घडते. ज्याने एक्स-रे पाहिला आहे तो ‘द एक्स-रे इज क्लिअर’ म्हणतो. ‘आय अॅम शुअर इट्स क्लिअर’ म्हणणाऱ्याने तो अजून उघडलेला नसतो. मराठीतही ‘आलाच असणार’ हे त्याला डोळ्यांनी न पाहिलेला माणूसच म्हणतो. म्हणून सकाळच्या राउंडला वरिष्ठांनी काही विचारल्यास आणि आपण ते स्वतः पाहिले असल्यास, वर कसलेही विशेषण न चढवता साधे ‘इज’ वापरावे. आघाताचेही तसेच आहे. ‘ही शुड बी फाइन’ सपाट सुरात म्हटले तर दिलासा असतो. ‘शुड’वर जोर पडला की पुढे न उच्चारलेला ‘पण’ सगळ्यांना ऐकू येतो.

लेखी नोंदींत हा सगळा खटाटोप एका चिन्हावर भागवतात. निदानाच्या आधी प्रश्नचिन्ह काढायचे, आणि हँडओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवताना, ते मोठ्याने वाचताना ‘क्वेरी’ म्हणायचे: ‘क्वेरी न्यूमोनिया’, ‘क्वेरी पीई’ (फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गाठ). सोय चांगली आहे, पण त्यावरून शंका दहा टक्क्यांची की नव्वद टक्क्यांची हे काही कळत नाही, त्यामुळे शेजारी अर्धी ओळ कारण लिहिण्याची सवय ठेवावी. रेडिओलॉजीच्या अहवालातील ‘कॅनॉट बी एक्सक्लूडेड’ (शक्यता नाकारता येत नाही) हीदेखील अशीच पळवाट आहे, असे माझे मत आहे. तेथे अहवाल देणाऱ्यालाच फोन करून ‘हाऊ लाइकली डू यू थिंक इट इज?’ असे विचारणे हा उद्धटपणा मानला जात नाही.

आता सर्वांत फसवा भाग. येथे शक्यतेची क्रियापदे अनिश्चितता दाखवायला जितकी वापरतात, तितकीच ती हुकूम मऊ करायलाही वापरतात. रक्तातील पोटॅशियम ६.४, म्हणजे धोकादायक इतके जास्त, आले आहे, प्रयोगशाळेने नमुना हिमोलाइझ झाल्याचे, म्हणजे त्यातील रक्तपेशी फुटल्याने आकडा खोटाही असू शकेल असे, कळवले आहे आणि कन्सल्टंट, म्हणजे वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टर, संगणकाच्या पडद्यावरून नजर न हलवता म्हणतात, ‘यू माइट वॉन्ट टु रिपीट दॅट.’ मराठी कानाला हे ‘हवे तर पुन्हा पाठवा’ असे वाटते, तर त्यांच्या मते त्यांनी तुम्हाला आत्ताच्या आत्ता रक्त काढायला सांगितलेले असते आणि ईसीजी तुम्ही न सांगता काढाल हे गृहीत धरलेले असते. ‘आय वंडर इफ वी कुड गेट अ स्कॅन’, ‘इट माइट बी वर्थ अ कॉल टु सर्जरी’ ही त्याच घराण्यातील वाक्ये. ओळखण्याची माझी रीत साधी आहे: वाक्य आजाराबद्दल किंवा निकालाबद्दल असेल तर ‘माइट’ म्हणजे अंदाज, आणि कोणी तरी करण्याच्या कामाबद्दल असेल तर ‘माइट’ म्हणजे आदेश. रुग्णांचे बोलणे या रीतीत बसत नाही. ऐंशीच्या घरातील आजी ‘आय माइट हॅव हॅड अ बिट ऑफ अ ट्विंज’ म्हणत असतील तर तो अंदाजही नसतो आणि आदेशही. डॉक्टरला त्रास नको म्हणून छातीतली कळ तेवढीच करून सांगितलेली असते. तेव्हा शब्द तोलत न बसता ईसीजी काढावा.

रुग्णाला धोका समजावून सांगताना क्रियापदांवर विसंबून चालत नाही, तेथे आकडा लागतो. औषधाच्या खोक्यातील पत्रकात ‘कॉमन’, ‘रेअर’ या शब्दांना ठरावीक मापे आहेत. ‘व्हेरी कॉमन’ म्हणजे दहांत एकापेक्षा जास्त, ‘कॉमन’ दहांत एकापर्यंत, ‘अनकॉमन’ शंभरांत एकापर्यंत, ‘रेअर’ हजारांत एकापर्यंत आणि ‘व्हेरी रेअर’ दहा हजारांत एकापर्यंत. रुग्णाच्या मनात ही मापे नसतात. ‘कॉमन’ ऐकले की आपल्यालाही होणारच असे अनेकांना वाटते. याला कायद्याचीही बाजू आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिलेल्या मॉन्टगोमेरी निकालातील आईला मधुमेह होता आणि प्रसूतीत बाळाचा खांदा अडकण्याची शक्यता ९ ते १० टक्के होती. बाळाला गंभीर इजा होण्याचा संभव अगदी कमी, या विचाराने डॉक्टरांनी ती सांगितली नव्हती, आणि निकाल आईच्या बाजूने लागला. एखादा धोका महत्त्वाचा आहे की नाही हे ठरवताना त्या रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस व्यक्तीला तो महत्त्वाचा वाटेल का, हे पाहावे लागते. म्हणून संमतिपत्रावर सही घेताना ‘देअर माइट बी सम ब्लीडिंग’ एवढ्यावर न थांबता, हीच शस्त्रक्रिया झालेल्या शंभर जणांपैकी साधारण किती जणांना रक्त द्यावे लागते, ते सांगावे. आकडा आधी आपल्या विभागातील वरिष्ठांकडून पक्का करून घ्यावा आणि रुग्णाला सांगितलेला तोच आकडा नोंदीतही लिहावा.