गाजलेली मालिका पुन्हा आणताय? ऑस्ट्रेलियात दिसलेल्या या चुका टाळा

जुन्या मालिकेच्या नावावर पहिल्या भागाला गर्दी जमते. तिसऱ्या-चौथ्या भागालाही कोण थांबतं, यावर सगळं ठरतं. ऑस्ट्रेलियन टीव्हीवर गेल्या दहा-बारा वर्षांत अनेक गाजलेल्या मालिका नव्याने आल्या. काही तरल्या, काही एका सीझनमध्ये आटोपल्या. पटकथा लिहिणाऱ्यांनी आणि निर्मात्यांनी त्या शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात, इतकं त्यांत शिकण्यासारखं आहे.

प्रेक्षकाला सगळं आठवतंय असं धरून चालणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. ती कशी टाळावी हे 'वेंटवर्थ'ने दाखवलं. मूळ मालिका 'प्रिझनर', १९७९ ते १९८६, तब्बल ६९२ भाग. बायकांच्या तुरुंगाची गोष्ट. त्यात बी स्मिथ आपल्याला भेटते तेव्हा कैद्यांमध्ये तिचा दरारा आधीच बसलेला असतो. ती तिथली 'टॉप डॉग'. २०१३ साली 'वेंटवर्थ' करताना लेखकांनी घड्याळ मागे फिरवलं. बी तुरुंगाच्या गाडीतून पहिल्यांदाच आत येते. केस कापणारी एक साधी बाई, छळणाऱ्या नवऱ्याला मारायचा प्रयत्न केल्याचा आरोप, मुलगी बाहेर. आतले नियम तिला ठाऊक नाहीत आणि नव्या प्रेक्षकालाही नाहीत. दोघं बरोबरच शिकतात.

मग जुन्या चाहत्याला काय मिळालं? मूळ मालिकेत मेग जॅक्सन ही तुरुंग अधिकारी सुरुवातीपासून शेवटपर्यंत होती. तिचा नवरा बिल मात्र सुरुवातीलाच तुरुंगात मारला जातो. 'वेंटवर्थ'च्या पहिल्याच भागात दंगलीत मरते ती मेग, आणि मागे राहतो तिचा नवरा. नवख्याला हा नुसता खून वाटतो. जुना प्रेक्षक मात्र ताठ बसतो, कारण आपल्याला ठाऊक असलेलं काहीच आता गृहीत धरता येणार नाही हे त्याला कळतं. एका प्रसंगाने दोन्ही प्रेक्षक सांभाळले. माझ्या मते संपूर्ण पुनरुज्जीवनाच्या प्रकारात याहून हुशार निर्णय सापडणं कठीण. मालिका १०० भाग चालली, २०२१पर्यंत.

पहिला भाग गडबडतोय असं वाटलं तर ही चाचणी घ्या: मूळ मालिका न पाहिलेल्या माणसाला संहिता वाचायला द्या आणि तो कुठे "हा कोण?" विचारतो ते टिपून ठेवा. तिथे खुलाशाचे संवाद घालू नका. प्रसंगच बदला.

दिलेला शेवट हिसकावून घेणं

'नेबर्स', एका गल्लीतल्या शेजाऱ्यांची रोजची मालिका, १९८५ साली सुरू झाली. एका वर्षात सेव्हन वाहिनीने ती सोडली, टेनने उचलली, आणि मग ती पिढ्यान्पिढ्या चालली. तिच्या खर्चाचा मोठा भार उचलणाऱ्या ब्रिटनच्या चॅनल ५ ने हात काढून घेतल्यावर जुलै २०२२मध्ये तिचा निरोपाचा भाग झाला. त्यातल्या टोडी आणि मेलनी या जोडीचं लग्न लागलं, पॉल आणि टेरीस ही दुसरी जोडी पुन्हा एकत्र आली. लोक रडले, समाधानाने उठले.

मग ॲमेझॉनने मालिका परत आणली. सप्टेंबर २०२३चा पहिला भाग: पुन्हा लग्न, नवरदेव टोडीच, पण नवरी टेरीस! एका फटक्यात दोन्ही सुखी शेवट पुसले गेले. गूढ म्हणून युक्ती चांगली होती, हे मान्य. पण त्याची किंमत ज्यांनी चुकवली ते वर्षानुवर्षं सोबत असलेले प्रेक्षक होते, आणि नव्याला तर मेलनी कोण हेच माहीत नाही. त्याला धक्का बसणार कसा? खुलासा बराच पुढे, फ्लॅशबॅकमधून आला. शेवट मोडायचाच असेल तर कारण त्याच आठवड्यात द्या. डिसेंबर २०२५मध्ये मालिका पुन्हा थांबली. ते या एका निर्णयामुळे झालं असं मी म्हणत नाही, पण हा ओरखडा टाळता आला असता.

गाव बदलणं

'सीचेंज' (१९९८ ते २०००) म्हणजे पर्ल बे हे काल्पनिक समुद्रकाठचं गाव. चित्रीकरण व्हिक्टोरियातल्या बार्वन हेड्सला झालं. २०१९मध्ये ती नाइन वाहिनीवर परतली तेव्हा मूळ नायिका सिग्रिड थॉर्नटन होती, पण चित्रीकरण गेलं उत्तर न्यू साउथ वेल्सच्या ब्रन्सविक हेड्सला. ऊन वेगळं, झाडं वेगळी. त्यातून मूळ मालिका एबीसी या सरकारी वाहिनीवर जाहिरातींशिवाय चालायची, तिची संथ लय जाहिरातींच्या तुकड्यांत बसवणं अवघडच. आठ भागांवर काम थांबलं. जागा हीच व्यक्तिरेखा असेल तर बजेटमध्ये ती आधी राखा.

कपडे उचलणं, काम विसरणं

१९९४ची 'हार्टब्रेक हाय' लोकांना ड्रॅझिक हा बंडखोर मुलगा आणि त्याच्या "रॅक ऑफ"साठी (म्हणजे 'चालता हो') आठवते. पण तिचं खरं काम वेगळं होतं: टीव्हीवर गोऱ्या चेहऱ्यांचीच गर्दी असताना सिडनीच्या शाळेतली ग्रीक, व्हिएतनामी घरांतली मुलं मध्यभागी आणणं. २०२२मध्ये नेटफ्लिक्सवर नवी मालिका आली ती हे काम पुढे नेत. क्विनी ऑटिस्टिक आहे आणि तिची भूमिका करणारी क्लोई हेडनही. मलाकाय हा आदिवासी मुलगा पोलिसांची मारहाण सोसतो. नायिकेचं नाव अमेरी वाडिया. हे आडनाव मुंबईकराला परकं नाही. २०२३मध्ये मालिकेला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला.

"रॅक ऑफ" नव्या मालिकेतही आहे, पण ते ओळखता आलं नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही. जुन्या खुणा याच मापाने ठेवा.

शेवटची एक गोष्ट बैठकांमध्ये हमखास राहून जाते. नवी 'हार्टब्रेक हाय' येण्याआधी जुनी त्याच नेटफ्लिक्सवर पाहता येत होती. मूळ भागांचे आणि त्यातल्या गाण्यांचे हक्क कुणाकडे आहेत, हे करार करतानाच तपासा. नवी पाहून उत्सुकता वाढलेला प्रेक्षक त्याच रात्री जुनी शोधतो.