बडोद्यात भाड्याचं घर बघताय? आधी पाण्याची खूण शोधा

बडोदा तसं निवांत गाव आहे, धावपळीला कंटाळून इथे येणारे आपले मराठी लोक खूप आणि दांडिया बाजार, रावपुऱ्याकडे तर दुकानातही मराठी कानावर पडतं. पण घर बघताना सगळे भाडं आणि खोल्या बघतात, पाणी कुणी बघत नाही, म्हणून क्रमाने सांगते.

सगळ्यात आधी विश्वामित्री. ऑगस्ट 2024 मध्ये नदी 35 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 26 फूट धरतात, म्हणजे विचार करा. समा, अकोटा, फतेगंज, सयाजीगंज, कितीतरी तळमजले पाण्यात होते आणि सोसायट्यांत मगरी आल्या होत्या. दलाल सांगेल "इथे पाणी येतच नाही", त्याचं ऐकू नका, शेजारच्या मावशींना विचारा की चोवीस साली पाणी कुठपर्यंत आलं होतं, त्या भिंतीला हात लावून दाखवतात. मग घरात शिरून खाली वाका. ओट्याखालच्या कपाटाचं प्लाय फुगलंय का, दाराची चौकट खालून काळी पडलीय का, रंग फक्त कमरेपर्यंतच नवा दिसतोय का. लाइटचा मीटर किती उंचीवर आहे आणि गाडी कुठे लावायची तेही बघा. मला विचाराल तर नदीच्या बाजूला तळमजला स्वस्त मिळाला तरी नको, हजार-दोन हजार जास्त गेले तरी पहिला मजला घ्या.

मग त्याच गल्लीत दोनदा जा. एकदा सकाळी नळाला पाणी यायच्या वेळी, म्हणजे वरपर्यंत जोर आहे की मोटर लावावी लागते ते कळतं. एकदा रात्री नऊ-साडेनऊला, नुसतं दहा मिनिटं उभं राहा. दुपारी शांत वाटणारी गल्ली रात्री वेगळीच असते. नवरात्रात मात्र कुठेच शांतता नसते, ते धरूनच चालायचं.

करार बहुतेक 11 महिन्यांचा करतात, कारण वर्षाच्या वरचा भाडेकरार रजिस्टर करावा लागतो. डिपॉझिटची पावती घ्या, सोडताना रंगाचे पैसे कोण देणार ते करारात लिहून घ्या. पोलीस स्टेशनला भाडेकरूची नोंद घरमालकाने करायची असते, त्याची कॉपी मागून आपल्याकडे ठेवा.

चावी हातात आली की सामान उतरवायच्या आधी मीटरचा फोटो काढा! इथे लाइट बिल दोन महिन्यांचं येतं, मी आधीच्या घरात राहायला गेले ते नेमकी मधल्या तारखेला आणि आधीच्या भाडेकरूच्या एसीचे युनिट माझ्या बिलात आले, मालक म्हणाले आता तो गेला, तुम्हीच भरा. फोटो असता तर बोलता आलं असतं. गॅसच्या मीटरचाही काढा.

आणि गच्ची वापरायला मिळणार का ते आधीच विचारा. 14-15 जानेवारीला उत्तरायणात पतंग उडवायला अख्खं गाव गच्चीवर असतं, आणि तेव्हा मालकांचे पाहुणे आले म्हणून कुलूप लागलं तर घरातली पोरं फिरकी हातात धरून जिन्यातच बसून राहतात, ते बघवत नाही.