ब्रॉयलरच्या प्रथिनांवर चाचणी घेताय? आधी पेंड तपासा

पदव्युत्तर प्रबंधासाठी ‘खाद्यातली प्रथिने आणि ब्रॉयलरची वाढ’ हा विषय घेतला, तेव्हा मला वाटलं सगळं काम शेडमध्येच आहे. उरुळी कांचनजवळच्या शेडमध्ये तूस पसरलं, पिल्लं सोडली, २३, २१ आणि १९ टक्क्यांचे गट पाडले. चूक त्याआधीच झाली होती, पेंड आणताना.

हिशोब करून बघा. मक्यात प्रथिने साधारण साडेआठ टक्के. सोयापेंडीत ४५ धरली, तर २३ टक्क्यांच्या १०० किलो खाद्यात जवळपास ४० किलो पेंड जाते. तीच पेंड ४२ची निघाली, की खाद्यातली प्रथिने सव्वा टक्क्याने घटतात. मी पोत्यावरच्या आकड्यावर विसंबले आणि वरच्या गटाचं खाद्य नेमकं दुसऱ्या, हलक्या लॉटच्या पेंडीतून मिसळलं. २३चा गट २१च्या शेजारी जाऊन बसला. वजनांत फरक दिसेना तेव्हा मी पिल्लांवर संशय घेत होते. ती बॅच गेली.

तेव्हापासून पेंडीच्या प्रत्येक लॉटचा नमुना आधी लॅबमध्ये देते. केल्डाल पद्धतीत नायट्रोजन मोजून ६.२५ने गुणतात. म्हणजे पेंडीत कुणी युरिया मिसळला असेल तर तोही प्रथिन म्हणूनच मोजला जातो! म्हणून युरियाची चाचणी वेगळी मागा.

एनआरसीच्या (अमेरिकेची नॅशनल रिसर्च कौन्सिल) १९९४च्या तक्त्यात ब्रॉयलरच्या खाद्यातली प्रथिने पहिले तीन आठवडे २३ टक्के, सहाव्यापर्यंत २० आणि पुढे १८ आहेत. पण पक्ष्याची गरज मुळात अमिनो आम्लांची असते. मका-सोयाच्या खाद्यात आधी मेथिओनिन कमी पडतं, मग लायसिन आणि थ्रिओनिन. ही तीन वरून दिली तर एकूण प्रथिने थोडी उतरवता येतात. माझ्या मते नवख्याने हाच विषय घ्यावा. पेंडीच्या भावामुळे शेतकऱ्याला याचंच उत्तर हवं असतं. जास्तीची प्रथिने युरिक आम्ल होऊन विष्ठेत जातात, तुसात त्याचा अमोनिया होतो. सकाळी पडदे उघडताना डोळे चुरचुरले, की समजा.

एप्रिलमध्ये बॅच टाकू नका. पुण्याच्या उन्हात पक्षी खाणं कमी करतात आणि गटांमधला फरक पुसट होतो.

आणि फीडरखाली सांडलेलं खाद्य रोज गोळा करून तोला. ते तोलायचं राहिलं तर पक्ष्यांनी खाल्लं असंच धरलं जातं आणि एफसीआर (एक किलो वजनवाढीला लागलेलं खाद्य) उगाच वाईट दिसतो, आणि शेवटच्या दिवशी ते शोधून सापडत नाही.