आधी वेगळं व्हायचं ठरवा: मुक्कामी संगीत महोत्सवाला मित्रांसोबत जाताना

कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून आम्ही सहा जण दर उन्हाळ्यात मुक्कामी संगीत महोत्सवाला जातो. तीन रात्री, दोन तंबू. यंदा आमच्या मागच्या वर्गातल्या काही जणी पहिल्यांदाच निघाल्या आहेत आणि काय काय न्यायचं म्हणून विचारत होत्या. सामानाचं सांगतेच, पण त्याआधी एक काम उरका. निघण्यापूर्वी सगळे एकत्र बसा आणि तिथे वेगळं कसं व्हायचं ते ठरवा.

पहिल्या वर्षी आम्ही सगळीकडे सहाही जण मिळूनच फिरायचं असा हट्ट धरला होता. कुणाची बाटली भरायची राहिलेली, कुणी रांगेत अडकलेलं. ज्या गायिकेसाठी मी आले होते तिची शेवटची दोनच गाणी माझ्या वाट्याला आली. त्या रात्री तंबूत कुणी कुणाशी बोललं नाही. तेव्हापासून आमचा नियम असा आहे: रोज एक कार्यक्रम सगळ्यांनी मिळून ऐकायचा, बाकीचे ज्याचे त्याने निवडायचे. मात्र रात्री अंधारातून तंबूकडे एकट्याने परतायचं नाही. निदान दोघं तरी बरोबर.

भेटण्याची जागा दिवसाउजेडी, सगळ्यांनी प्रत्यक्ष उभं राहून ठरवा. ‘स्टेजजवळ’ म्हणजे कुठेच नाही. ‘प्रथमोपचाराच्या तंबूच्या डाव्या बाजूचा दिव्याचा खांब’ ही जागा झाली. फोनच्या भरवशावर राहू नका. हजारो लोक एकाच टॉवरवर आले की इंटरनेट बंदच पडल्यासारखं होतं. साधा एसएमएस बऱ्याचदा पोचतो, पण उशिरा, म्हणून मजकुरातच वेळ घाला: ‘१०:४०, मी खांबापाशी’. हाच निरोप सव्वाअकराला मिळाला तरी वाचणाऱ्याला अंदाज येतो. रेंज नसेल तेव्हा फोन एअरप्लेन मोडवर टाका, कारण नेटवर्क शोधण्यातच बॅटरी संपते. कार्यक्रमांचं वेळापत्रक कागदावर उतरवून खिशात ठेवा.

आता तंबू. पाकिटावर ‘चार जणांसाठी’ लिहिलं असेल तर चार जण खांद्याला खांदा लावून झोपतात आणि बॅगा बाहेर राहतात. चौघांच्या तंबूत तिघांनीच राहावं. घरी एकदा उभारून बघा. पहिल्यांदा अंधारात, टॉर्च दातांत धरून उभारण्यात अर्धी रात्र जाते. जागा निवडताना सकाळचा विचार करा: उन्हाळ्यात आठ वाजता बंद तंबू भट्टीसारखा तापतो. झाड असेल तर त्याच्या पश्चिमेला तंबू ठोका, म्हणजे सकाळची सावली तुमच्यावर पडेल. खोलगट जागा टाळा. एक सर आली तरी सगळं पाणी तिथेच जमतं. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकवून ठोका आणि ताणाच्या दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधा, रात्री त्यात पाय अडकतात. तंबूच्या आत शेगडी किंवा स्टोव्ह कधीही पेटवू नका, पाऊस असला तरीही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळतही नाही.

सामानात स्लीपिंग बॅग आणि खाली अंथरायची मॅट हवीच, कारण रात्री गारठा जमिनीतून वर येतो. हेडटॉर्च, पॉवरबँक, टोपी, सनस्क्रीन, मळले तरी चालतील असे बंद बूट, जास्तीचे मोजे, ओआरएसची पाकिटं. एवढं असलं की बाकीचं निभतं.

ज्या गोष्टीवर मी अडून बसते ती म्हणजे इअरप्लग. पहिल्या महोत्सवानंतर दोन दिवस माझ्या कानात शिट्टी वाजत होती, आणि ती थांबणार की नाही या भीतीने मला झोप लागली नाही. ८५ डेसिबलचा आवाज ८ तास सुरक्षित धरतात. पुढे दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. स्पीकरजवळ एवढा आवाज सहज असतो. आतल्या कानातल्या ध्वनी टिपणाऱ्या पेशी माणसात एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा. गाणं नीट ऐकायचं असेल तर साउंड इंजिनिअरच्या टेबलाच्या आसपास उभं राहा. तो जिथे बसून आवाज जुळवतो तिथे तो सगळ्यात नेटका लागतो. मला पुढच्या कठड्यापेक्षा ती जागा कितीतरी प्रिय आहे.

पुढे जायचंच असेल तर गर्दीवर लक्ष ठेवा. दोन्ही बाजूंनी दाब जाणवला, हात मोकळे हलेनासे झाले, की गाणं कितीही आवडीचं असो, बाहेर पडा. दोन्ही हात छातीसमोर दुमडून धरा, म्हणजे श्वासाला जागा राहते. धक्क्याच्या विरुद्ध जोर लावू नका. लोट ओसरला की तिरकं सरकत कडेला या. खाली पडलेला फोन उचलायला वाकू नका. आमच्यात कुणीही ‘चला’ म्हटलं की सगळे निघतात, कारण विचारत नाहीत.

पाणी तहान लागायच्या आधीपासून थोडं थोडं प्या. लघवी गडद पिवळी झाली तर कमी पडतंय. खूप घाम गेल्यावर नुसत्या पाण्याने भागत नाही, ओआरएस घ्या. मित्र असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, तोल जायला लागला, तर तो उष्माघात असू शकतो. दारू चढली असेल म्हणून तिथे निजवू नका. एकाने वैद्यकीय पथकाकडे धावायचं, बाकीच्यांनी सावलीत नेऊन अंग ओलं करायचं आणि वारा घालायचा.

शेवटच्या रात्री गाडी चालवणाऱ्याला लवकर झोपू द्या आणि त्याच्या तंबूपाशी गप्पांचा फड जमवू नका. घरी पोचल्यावर तंबू पुन्हा उघडून वाळवा, ओला गुंडाळला तर बुरशी धरतो. खुंट्या मोजून पिशवीत टाका. आमच्या पिशवीत चिठ्ठीच आहे: चौदा, आणि दोन जादा.