हळदीचा डाग आणि कॉश्च्युमची वही

हळदीचा डाग धुऊन टाकला म्हणून मी एकदा अख्ख्या युनिटसमोर बोलणी खाल्ली आहेत. फॅशन डिझाइनचा डिप्लोमा होऊन चारच महिने झाले होते. कोल्हापूरजवळच्या एका जुन्या वाड्यात मालिकेचं शूटिंग चालू होतं आणि मी तिथं कॉश्च्युम असिस्टंट म्हणून लागले होते, म्हणजे खरं तर पेट्या उचलायला. सीन हळदीचा. जावेचा हळदीचा हात नायिकेच्या फिकट सुती साडीवर उमटतो आणि ती रडत माजघरात जाते. अंगणातला भाग झाला, ऊन गेलं, पॅकअप. माजघरातला भाग दोन दिवसांनी घ्यायचा होता. एवढी माखलेली साडी बघून मला राहवेना. रात्री घरी आणली, साबणानं घासून धुतली, कडक इस्त्री केली आणि हँगरला लावून सेटवर नेली. कोणीतरी शाबासकी देईल असं वाटलं होतं.

"डाग कुठाय?" दिग्दर्शकांनी विचारलं, तेव्हा मला आधी प्रश्नच कळला नाही.

पळत कॅन्टीनमधून हळद आणली, पाण्यात कालवली आणि मोबाइलमधला फोटो बघून बरोबर त्याच जागी पंजा उमटवला. बघता बघता पंजा विटकरी लाल झाला. साडीतला साबण नीट निघाला नव्हता, आणि हळदीला साबण लागला की ती लाल होते हे माझ्या आजीलासुद्धा माहीत होतं. मला त्या घडीला आठवलं नाही. आता नायिकेच्या खांद्यावर रक्ताचा हात उमटल्यासारखं दिसत होतं. सगळं युनिट थांबलेलं.

आमचे ड्रेसदादा, म्हणजे सेटवरचे कपडे सांभाळणारे, वीसेक वर्षं या धंद्यात. ते ओरडले नाहीत. "लिंबू आण जा," एवढंच म्हणाले. तो भाग स्वच्छ पाण्यानं खळबळून त्यावर लिंबू पिळलं, तसा रंग पुन्हा पिवळ्यावर आला. हेअरच्या ताईंकडून ड्रायर घेऊन साडी वाळवली आणि पुन्हा पंजा उमटवायला त्यांनी जावेचं काम करणाऱ्या बाईंनाच बोलावलं. माझा पंजा लहान होता. माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं.

या क्षेत्रात येऊ बघणाऱ्या मुलामुलींशी बोलताना मी ही गोष्ट आधी सांगते, कारण बहुतेकांच्या डोळ्यासमोर स्केचबुक असतं. स्केच लागतं, नाही असं नाही. पण ते मालिका सुरू व्हायच्या आधी, लुक टेस्टपर्यंत, म्हणजे पात्र कसं दिसेल ते ठरेपर्यंत. त्यानंतर महिनोन्‌महिने तुमच्या हातात असते ती वही.

मालिकेतली गोष्ट ज्या क्रमानं घडते त्या क्रमानं शूट होत नाही. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये साधारण 22 मिनिटांची गोष्ट बसते आणि आठवड्याला पाच-सहा भाग द्यायचे असतात. म्हणजे रोज जवळजवळ एक भाग हातावेगळा करावाच लागतो. मग स्वयंपाकघरात लाइट लागलाय म्हणून चार वेगवेगळ्या भागांतले तिथले सीन एका दुपारी उरकतात. नायिका सोमवारी दारातून बाहेर पडते आणि अंगणात पाऊल ठेवते ते पुढच्या गुरुवारी. पडद्यावर मात्र मध्ये एक सेकंदही गेलेला नसतो.

माझ्या वहीत एका पात्राची एका सीनची नोंद अशी असते: भाग, सीन, गोष्टीतला दिवस. साडी 14, ब्लाउज 9. पदर पिन केलेला, पाच निऱ्या, कमरेला खोचलेला. बांगड्या डाव्या हातात हिरव्या सहा, पाटल्यांच्या मध्ये. मंगळसूत्र पदराच्या बाहेर. टिकली मरून, मधली. पायात काही नाही. त्याखाली "पीठ लागलंय, उजवी बाही" असं काही असेल ते. याच्या जोडीला फोटो: समोरून, पाठीमागून, दोन्ही बाजूंनी, शिवाय मान, हात आणि पाय वेगळे. फोटो शॉट संपल्यावर काढा, मेकअप रूममधून निघताना नको. मेकअप रूममध्ये पदर सरळ असतो, तो खोचला जातो सीनमध्ये. आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला फोटो सापडत नाही, हे मी तुम्हाला लिहून देते. पात्रानुसार फोल्डर करा.

कॅमेऱ्याचं गणित कॉलेजात थोडंफार शिकवतात, सेटवर ते अंगावर येतं. शुभ्र पांढरा कपडा लाइटखाली एवढा उजळतो की चेहरा काळवंडल्यासारखा दिसतो, म्हणून पांढरं धोतर चहाच्या पातळ पाण्यातून काढायचं. बारीक रेघा आणि बारीक चौकडी पडद्यावर नाचतात. मागे हिरवा क्रोमा, म्हणजे नंतर दुसरं चित्र बसवायचा पडदा, लावलेला असेल त्या दिवशी हिरवी साडी चालत नाही, साडीतूनच मागचं चित्र दिसायला लागतं.

पण सगळ्यात जास्त भांडणं होतात ती साउंडवाल्यांशी. लेपल माइक पदरात लपवायचा असतो आणि कडक रेशीम सळसळतं. काचेच्या बांगड्या मायलेकींच्या हळव्या संवादात नेमक्या किणकिणतात. आणि कोल्हापुरी चप्पल! 2019 मध्ये जीआय मानांकन मिळालं तिला, आम्हाला केवढा अभिमान. पण करकर वाजणारी जोडी घालून पाटील वाड्यात चालत येतात आणि हेडफोनमागून आवाज येतो, "दादा, चप्पल काढा आधी." आता मी तळव्यांना खालून फेल्ट चिकटवून ठेवते, आणि क्लोजअपच्या वेळी सरळ अनवाणी उभं करते.

कोल्हापुरात काम करण्याचा मोठा फायदा म्हणजे हाताशी असलेला बाजार. थोक कापड गांधीनगरला, सुती माल इचलकरंजीला, चांदीचे दागिने हुपरीला, बाकी सटरफटर महाद्वार रोडला. साज, ठुशी, बोरमाळ खोट्यातली घ्यायची, पण वजनदार. हलका दागिना चालताना उड्या मारतो आणि लगेच कळतो. एक जिन्नस मात्र दुकानात मिळत नाही: वापरलेली साडी. आमच्या मालिकेतल्या आजीला इरकल हवी होती. नवी कोरी इरकल नेसून ती आजी पाहुणी दिसायची, घरची नाही. भांडी देऊन जुनी लुगडी घेणाऱ्या एका बोहारणीला गाठलं. तिनं गाठोडं सोडलं आणि त्यात दोन इरकली निघाल्या, काठ विटलेले, पदराला रफू केलेलं. रफू बघून मला झालेला आनंद तिला काही समजला नाही. तिनं भाव मात्र लगेच वाढवला.

नवा कपडा जुना करणं हे यातलं माझं सगळ्यात आवडतं काम. सँडपेपर, दगड, चहा, थोडी राख. पण सगळीकडून सारखं घासलं की ते खोटं दिसतं. शेतकऱ्याचा सदरा ज्या खांद्यावर फावडं असतं तिथं विरतो, बाईचा पदर जिथं ओले हात पुसले जातात तिथं विटतो. माणूस दिवसभर काय करतो ते आधी ठरवा, मग हातात सँडपेपर घ्या.

आता एक तक्रार. मालिकेतल्या मध्यमवर्गीय सुनेला दर भागाला नवी साडी का लागते? निर्मितीच्या बैठकीत मी हे बोलले तेव्हा सगळे हसले. बायका साड्या बघायला मालिका बघतात, असं उत्तर मिळालं. तेही खोटं नाही. पण त्याच बायकांना रिपीट झालेली साडी ओळखता येते आणि ती ओळखण्यात एक गंमत असते, "ही तिच्या डोहाळजेवणातली बघ." मी भांडून सासूसाठी घरातल्या तीनच साड्या मंजूर करून घेतल्या, आणि चैत्रातल्या जोतिबाच्या यात्रेसाठी एक वेगळी. यात्रेच्या सीनला ती गुलालानं न्हाऊन निघाली आणि मी तिला पाणीसुद्धा लागू दिलं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: धुवू नये.

कोल्हापुरात हे क्षेत्र निवडलं की पाहुणेमंडळी दुसऱ्या वाक्याला भानू अथैया यांचं नाव काढतात. त्या इथल्याच, जन्म 1929 चा. 'गांधी'साठी 1983 मध्ये जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना ऑस्कर मिळालं, भारताचं पहिलं. नाव काढणाऱ्यांनी चित्रपट पुन्हा बघितलेला असतोच असं नाही. तुम्ही बघा, आणि मुख्य पात्रांपेक्षा गर्दीतली माणसं बघा. त्यांचा कपडा कपडा म्हणून डोळ्यात येतच नाही.

सुरुवात कुठून करायची? निफ्टसारख्या फॅशनच्या संस्थेत जाता आलं तर जाच. नसेल तर गावातल्या हौशी नाट्यसंस्थांकडे जा. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या की वेशभूषेला माणूस कोणालाच मिळत नसतो, आणि दोन हजारांत आठ पात्रं उभी करायची सवय पुढे फार उपयोगी पडते. नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या एखाद्या ड्रेपरीवाल्याच्या दुकानात सुट्टीत बसा. शाळांच्या गॅदरिंगच्या हंगामात तिथं फेटे, बाराबंद्या आणि नऊवाऱ्या यांचा जो रेटा असतो, त्यात पंधरा दिवसांत हात बसतो. नऊवारी दुसऱ्याला नेसवता आली पाहिजे, तीही पाच मिनिटांत, बाहेर एडी, म्हणजे सहायक दिग्दर्शक, दार वाजवत असताना. शिंप्याशी जमवून घ्या. "मास्टर, दाब जास्त सोडा", म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवा, हे वाक्य पाठच करा, कारण मालिका वर्षभर चालते आणि तेवढ्यात माणसांचं वजन वरखाली होतं. ते झालं की ट्रायल रूममध्ये तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. शिवण उसवायची आणि बाहेर यायचं.

पावसाळ्याचं आधीच सांगते: जूनपासून इथं कपडे वाळत नाहीत. पावसात भिजायच्या सीनला प्रत्येक कपड्याचे किमान दोन जोड लागतात, तीन असले तर उत्तम, आणि पेटीत ओलसर साडी राहिली तर जर काळी पडते.

पैशांचं कोणी स्पष्ट बोलत नाही म्हणून मी बोलते. शिफ्ट 12 तासांची म्हणतात, तुमची त्याआधी सुरू होते आणि नंतर संपते. पैसे बहुतेक ठिकाणी 90 दिवसांनी हातात येतात, तेव्हा पहिले तीन-चार महिने घरचा आधार किंवा साठवलेले पैसे हवेत. दिवस मोजून स्वतः लिहून ठेवा. खरेदीची बिलं त्याच रात्री जमा करा. पदरचे पैसे घालून सेटसाठी काही आणू नका, ते सहसा परत मिळत नाहीत. माझा पहिला चेक आला तेव्हा ती मालिका बंद होऊन महिना झाला होता. त्यातून मी एक स्टीमर घेतला आणि ड्रेसदादांसाठी किलोभर लिंबं.